बाबांना डीजे सोसत नाही, पण डिस्को हवाय

मुलुंडच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. लांबलचक होतं, थोडक्यात देतो:

"आई-बाबांच्या लग्नाला डिसेंबरात ४५ वर्षं होतील. बाबा ७२, आई ६८. दोघंही फोर्टात नोकरीला होते आणि लग्नाआधीपासून डिस्कोला जायचे, असं बाबा रंगवून सांगतात. आई म्हणते, 'एकदाच गेलो, आणि नाचलो कसले, नुसते हललो.' सोसायटीच्या हॉलमध्ये पस्तीस-चाळीस माणसं बोलावून त्यांच्यासाठी डिस्को करायचा विचार आहे. पण गेल्या वर्षी भाच्याच्या संगीतात डीजे सुरू झाला आणि बाबा दहाव्या मिनिटाला बाहेर खुर्ची टाकून बसले. त्यांच्या डाव्या कानाला मशीन आहे. आईचा उजवा गुडघा दुखतो. माझी १९ वर्षांची लेक म्हणते, आजोबांच्या गाण्यांवर कसं नाचायचं तेच कळत नाही. माळ्यावर बाबांच्या कॅसेटींचा डबा सापडलाय, त्या वाजवता येतील का? आणि लेकीला दोघांना एकदा खऱ्या नाइटक्लबमध्ये न्यायचंय. हे सगळं जमवावं कसं?"

ताई, जमेल. पण संगीताच्या रात्री बाबा का उठले ते आधी नीट कळायला हवं. नाहीतर डिसेंबरात त्याच खुर्चीवर, त्याच दाराबाहेर बसतील.

वयाने कान जातो तो सगळा सारखा जात नाही. आधी बारीक, वरच्या पट्टीचे आवाज जातात. आणखी एक गोष्ट होते, जी घरच्यांना चमत्कारिक वाटते: हळू आवाज ऐकूच येत नाहीत, आणि मोठे आवाज मात्र एकदम असह्य होतात. मधली सोसवेल अशी पट्टी अरुंद होते. म्हणून टीव्ही मोठा करा म्हणणारे बाबा डीजेसमोरून पळतात. त्यात कानातलं मशीन बोलणं ऐकण्यासाठी लावलेलं असतं. संगीताचा लांब ताणलेला सूर त्याला कधी गोंगाट वाटतो, कधी मशीनचीच शिट्टी, आणि ते तो दाबायला जातं. कानात येतो तो थरथरता, फाटका आवाज. यावर उपाय आहे. बऱ्याच मशीनमध्ये संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम टाकून मिळतो. कार्यक्रमाच्या दोन-तीन आठवडे आधी ऑडिऑलॉजिस्टकडे, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या तज्ज्ञाकडे, जाऊन तो टाकून घ्या, आणि घरी गाणी लावून बाबांना त्याची सवय होऊ द्या. आदल्या दिवशी नको.

आता आवाज किती? ८५ डेसिबलला माणूस कानाला धोका न होता आठ तास काढू शकतो. पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. लग्नाच्या हॉलमध्ये स्पीकरसमोर १०० सहज गाठले जातात. म्हणजे दहाव्या मिनिटाला उठलेले बाबा हॉलमधले सर्वांत शहाणे होते. तुम्ही नाचायच्या फ्लोअरच्या मध्यावर ८५ ते ८८ आणि खुर्च्यांपाशी ७५ च्या आत ठेवा. फोनवरचं ॲप दोन-चार डेसिबलने चुकतं, पण एवढ्या कामाला चालतं. आणि डीजेवाल्याचं बटण एकदा ठरलं की त्यावर सेलोटेप लावून पेनाने खूण करा. आवाज चढतो तो कुणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. वाजवणाऱ्याचा कान थकतो, त्याला कमी ऐकू यायला लागतं, म्हणून दर अर्ध्या तासाला त्याचा हात वर सरकतो. टेपवरची खूण थकत नाही.

स्पीकर दोन पुरेत, बारा इंची, स्टँडवर, नाचणाऱ्यांच्या डोक्याच्या थोडे वर, दोन्ही एकाच बाजूने फ्लोअरकडे तोंड केलेले. चार कोपऱ्यांत चार लावायचा मोह टाळा. मग पळायला जागाच उरत नाही. ज्येष्ठांच्या खुर्च्या समोर नकोत, स्पीकरच्या पाठीमागे किंवा लांबच्या कोपऱ्यात ठेवा. सोसायटीचे हॉल म्हणजे खाली गुळगुळीत टाइल्स आणि चारी बाजूंना उघड्या भिंती, त्यामुळे आवाज घुमतो आणि गाण्याचे शब्द लापशी होतात. डेकोरेटरकडून जाड पडदे किंवा कनाती आणून दोन समोरासमोरच्या भिंतींपैकी एकीवर सोडा, घुमणं बरंच कमी होतं. सब-वूफर (नुसता खालच्या पट्टीचा आवाज देणारा स्पीकर) घेतलात तर एकच, आणि त्याच्याखाली रबरी मॅट. खालच्या पट्टीचा आवाज हवेपेक्षा स्लॅबमधून जास्त चढतो. हॉलमध्ये कमी वाटतं आणि पहिल्या मजल्यावर भांडी वाजतात. त्या पहिल्या मजल्यावरच्या कुटुंबाला आमंत्रण द्यायला विसरू नका.

वेळ संध्याकाळी साडेसहा ते पावणेदहा ठेवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहाला त्यात सवलत आहे, पण सोसायटीचा हॉल जाळीच्या खिडक्यांचा असतो, त्याला बंदिस्त म्हणणं धाडसाचं. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ आहे; ती हॉलच्या आतल्या नव्हे, बाहेर वस्तीतल्या आवाजाची. कमिटीची लेखी परवानगी घ्या, लाउडस्पीकरसाठी पोलीस ठाण्यातही अर्ज करा.

इथवर आवाज झाला. पण बाबा फक्त आवाजामुळे उठले असतील असं वाटत नाही. संगीतातला डीजे दीड मिनिटात गाणं तोडतो, मध्येच माइक घेऊन "हात वर!" ओरडतो, डिस्कोवरून ढोलवर, ढोलवरून रिमिक्सवर उड्या मारतो. डिस्कोचा जीव नेमका याच्या उलट आहे: ठेका न तुटणं.

डिस्को म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका प्रत्येक मात्रेवर, चारही मात्रांवर सारखाच, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये झांजेचा "त्स". धप-त्स-धप-त्स. पायाला शोधावं लागत नाही, पुढचा ठोका कुठे पडणार ते आधीच माहीत असतं. त्यामुळे नाच न येणाराही चुकत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत बारा इंची सिंगल रेकॉर्ड निघाली ती यासाठीच. गाणं लांब, सुरुवातीला आणि शेवटी नुसता ठेका, म्हणजे एकातून दुसऱ्यात जाताना फ्लोअर थांबायला नको. मग १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोटकांनी उडवल्या गेल्या, आणि तिकडे 'डिस्को संपला' असं जाहीर झालं. आपल्याकडे मात्र त्यानंतर तो खरा सुरू झाला. 'कुर्बानी' १९८० चा, त्यातलं नाझिया हसनचं बिद्दूने केलेलं गाणं घराघरांत गेलं. 'डिस्को डान्सर' १९८२ चा. तुमच्या आई-बाबांची वर्षं नेमकी हीच.

तिकडे शिकागोतही तो मेला नव्हताच. वेअरहाउस नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स हा डीजे तोच ठेका वाजवत राहिला, पुढे ड्रम मशीनवर चढवत गेला, आणि त्यातून 'हाउस' संगीत जन्मलं. नावही त्या क्लबावरूनच आलं. तुमची लेक ज्यावर नाचते त्यातलं पुष्कळसं या हाउसचंच पोर आहे. तिला सांगा, आजोबांच्या गाण्यावर कसं नाचायचं हे तिला येतंच, फक्त वरचा पोशाख वेगळा आहे.

म्हणून आमचा मुख्य सल्ला हा: गाणी पिढीनुसार लावू नका, ठेक्यानुसार लावा. "आता आजी-आजोबांची तीन गाणी, आता मुलांची तीन" असं केलंत की दर दहा मिनिटांनी अर्धा हॉल बसतो आणि उरलेला अर्धा मोबाइल काढून उभा राहतो.

ठेका मोजायला ॲप लागत नाही. फोनवर स्टॉपवॉच लावा, पंधरा सेकंदांत धप किती पडले ते मोजा, चारने गुणा, म्हणजे मिनिटाला किती ठोके ते कळतं. २६ आले तर १०४. ३० आले तर १२०. ३२ आले तर १२८. प्रत्येक गाण्यापुढे आकडा लिहा आणि यादी आकड्यांनी लावा. पहिली पंचवीस मिनिटं १०० ते १०८. बी जीज्‌चं 'स्टेइंग अलाइव्ह' (१९७७) जवळपास १०४ चं आहे. छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याच्या प्रशिक्षणात तेच गाणं लय पकडायला शिकवतात, कारण तिथे मिनिटाला १०० ते १२० दाब लागतात. पुढची पंचवीस मिनिटं ११० ते ११८. मग वीस मिनिटं १२० ते १२६, आणि इथेच लेकीची आणि आजोबांची गाणी आलटून-पालटून घाला. एक १९८० चं, एक गेल्या वर्षीचं. दोन्ही १२२ असतील तर फ्लोअरवर कुणाला सांधा कळणार नाही. एका गाण्यावरून दुसऱ्यावर जाताना तीन-चार आकड्यांपेक्षा मोठी उडी नको. मग जेवण. जेवणानंतर सावकाश, ७० ते ८० ची दोन-तीन गाणी, मग पुन्हा ११० च्या आसपास आणि शेवट. शेवटी कुणीतरी 'झिंगाट' मागणारच. लावा, पण अगदी शेवटचं. उड्या मारून झाल्यावर कुणाचे गुडघे पुन्हा डिस्कोवर येत नाहीत.

हिंदी गाण्यांची एक अडचण आधीच सांगून ठेवतो. ती सिनेमाची गाणी आहेत, क्लबची नव्हेत. सुरुवातीला बिनठेक्याची आलापी, मध्ये वाद्यमेळ, अंतऱ्याआधी सगळं एकदम थांबतं. फोनमधलं क्रॉसफेड (एक गाणं विरत असतानाच दुसरं सुरू करणारी सोय) लावून ती एकमेकांत मिसळलीत तर दोन ठेके एकमेकांच्या पायात येतात, टांग्याचा घोडा अडखळावा तसं. ही गाणी पूर्ण वाजू द्या, शेवटाला संपू द्या. मधल्या दोन सेकंदांत लोक शिट्ट्या मारतात, त्यासाठीच ती जागा आहे. मिसळायची असतील ती इंग्रजी लांब गाणी आणि लेकीची गाणी. सगळी गाणी फोनवर उतरवून घ्या आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. ऐन रंगात मावशीचा व्हॉट्सॲप कॉल स्पीकरवर वाजणं हा प्रकार हल्ली दर दुसऱ्या कार्यक्रमात होतो. सूत्रसंचालक नको, माइक नको, "आता उत्सवमूर्तींचा कपल डान्स" तर नकोच नको. सगळे गोल करून टाळ्या वाजवत बघतायत म्हटल्यावर तुमच्या आई दोन पावलं टाकून खुर्चीवर जातील. "नुसते हललो" म्हणणाऱ्या माणसाला गर्दी हवी असते, प्रेक्षक नव्हे.

जागा त्यामुळेच आटोपशीर ठेवा. नाचणाऱ्याला ३ बाय ३ म्हणजे ९ चौरस फूट लागतात. चाळीस माणसांत एका वेळी वीस नाचतील, तेव्हा १२ बाय १५ फूट पुरे. बाकीच्या हॉलमध्ये खुर्च्या, टेबलं पुढे ओढा. रिकामा मोठा फ्लोअर ओलांडून मध्ये जायला भल्याभल्यांना धीर होत नाही.

प्रकाशाचं बोलू. मिरर बॉल, म्हणजे आरशांच्या तुकड्यांचा गोळा, आणणारच, तर नीट टांगा. बारा इंची पुरेल. चूक अशी होते की लोक नुसता गोळा टांगतात आणि खाली रंगीत एलईडी लावतात. भिंतीवर काहीच उमटत नाही. गोळ्याला स्वतःचा प्रकाश नसतो. त्याला एक अरुंद झोताचा पांढरा दिवा लागतो, पिनस्पॉट. दहा-पंधरा फुटांवरून झोत फक्त गोळ्यावर पडेल असा लावा, आणि बाकी दिवे मंद करा, पूर्ण बंद नको, ज्येष्ठांना पायाखालचं दिसलं पाहिजे. मोटर मिनिटाला एक-दोन फेऱ्यांची घ्या. जलद फिरली की भिंतीच फिरतायत असं वाटतं आणि चक्कर येणाऱ्यांची वाट लागते. गोळा पंख्याच्या हुकाला टांगा, फॉल्स सीलिंगच्या पट्टीला कधीच नको, आणि साखळीशिवाय वेगळी एक वायर बांधा. शेजारचे पंखे बंद ठेवा, पात्यांतून झोत गेला की उघडझाप होते. लॅमिंग्टन रोडवर बॉल, मोटर, पिनस्पॉट सगळं मिळतं. डीजेवाला भाड्यानेही आणतो. स्ट्रोब मात्र नको म्हणून ठणकावून सांगा. सेकंदाला ३ ते ३० वेळा उघडझाप करणारा प्रकाश काहींना फिट आणू शकतो, आणि चाळीसांतल्या कुणाला तो त्रास आहे ते आपल्याला ठाऊक नसतं.

गुडघ्याकडे येऊ. दुखऱ्या गुडघ्याला नाच बाधत नाही, पीळ बाधतो. पाऊल जमिनीला चिकटलेलं आणि वरचं अंग वळलेलं, तो क्षण वाईट. म्हणून जाड रबरी तळव्याचे वॉकिंग शूज नाचाला बरे नाहीत, ते टाइल्सना धरून ठेवतात. कोल्हापुरी उलट सुटते, गुळगुळीत कातडं आणि अंगठ्यावर सगळा भार. मागून पट्टा असलेली, पातळ, किंचित सरकणाऱ्या तळव्याची सपाट सँडल आईंना चांगली. फ्लोअरवर टाल्कम पावडर टाका असं एखादा हौशी नक्की सुचवेल. कॅरम नव्हे हा. टाइल्सवर पावडर म्हणजे अस्थिभंगाला आमंत्रण. सरबताचे ग्लास फ्लोअरवर येऊ देऊ नका आणि एक कोरडं फडकं कोपऱ्यात ठेवा. साडी नेसणार असतील तर काठ जमिनीपासून इंचभर वर, निऱ्यांना आतून पिन, पदर खोचलेला.

पावलं शिकवायची तर एकच रचना शिकवा. 'बस स्टॉप' म्हणून ही जुनी डिस्कोतली ओळीतली रचना आहे, सोळा मात्रांची. सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे. मागे तीन पावलं, चौथ्याला पाय जवळ आणून नुसता टेकवायचा. पुढे तीन, चौथ्याला टेकवायचा. उजवीकडे तीन, टेकव. डावीकडे तीन, टेकव. पुन्हा पहिल्यापासून. मूळ रचनेत बाजूला जाताना दुसरं पाऊल मागून ओलांडून टाकतात. आईंनी ओलांडू नये, पाऊल पावलाला जोडून पुढे जावं. गिरकी घ्यायचीच असेल तर एका पायावर गरकन नको, चार छोट्या पावलांत वळायचं, आणि अर्धीच. टेकवलेल्या पायावर वजन टाकायचं नाही, हीच एक गोष्ट सगळे चुकतात. वजन टाकलं की पुढचं पाऊल उलट्या पायाने निघतं आणि अख्खी ओळ धडकते. लेकीला शिक्षिका करा, दोन रविवार अर्धा-अर्धा तास, १०४ च्या गाण्यावर. नाचता नाचता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दम लागून शब्द तुटायला लागले की खुर्ची. बाबांना हृदयाचं किंवा रक्तदाबाचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

आणि कृपा करून बेल-बॉटम आणि कुरळे विग आणू नका. आई-बाबांचं तारुण्य म्हणजे शाळेतली वेशभूषा स्पर्धा नव्हे.

आता तो डबा. ताई, पत्रातली सगळ्यांत मोलाची वस्तू तीच आहे, आणि कार्यक्रमात वाजवायला ती अजिबात उपयोगाची नाही. मुंबईतल्या बहुतेक मराठी घरांत डिस्को क्लबातून आलाच नाही, कॅसेटमधून आला. कोरी कॅसेट घेऊन दुकानात जायचं, गाण्यांची यादी द्यायची आणि भरून घ्यायची. त्या यादीचा कागद डबीत असतो, बॉलपेनने लिहिलेला, साइड ए, साइड बी. सी-६० मध्ये एका बाजूला तीस मिनिटं, सी-९० मध्ये पंचेचाळीस. म्हणजे बाबांनी मोजून सहा-सात किंवा दहा-अकरा गाणी निवडली, काही गाळली, क्रम लावला. क्लबचं नाव माणूस विसरतो, पण कुठल्या गाण्यानंतर कुठलं हवं ते इथे त्याच्याच हाताने लिहिलेलं आहे. आधी या सगळ्या कागदांचे फोटो काढा. तुमच्या कार्यक्रमाची यादी यातून सुरू करा, मग मोजा आणि लावा.

कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालण्याआधी तिच्या पाठीवरचे दोन छोटे प्लास्टिकचे दात तोडा. ते असले आणि चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर चाळीस वर्षांचं गाणं पुसलं जातं. मग उजेडात धरून काचेतून टेपची गुंडाळी बघा. कडेवर पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, मुंबईच्या पावसाळ्याची देणगी. ती कॅसेट लावू नका. बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. वेगळी पिशवी करून ठेवा, असल्या टेप साफ करणाऱ्याकडेच द्या. चांगल्या कॅसेटीत टेपच्या मागे धातूच्या पातळ पट्टीवर एक फेल्टचा तुकडा असतो, नखाएवढा. त्याचा गोंद वाळून तो पडलेला असला तर आवाज येतो-जातो. दुसऱ्या नको असलेल्या कॅसेटीतला काढून बसवता येतो. जुन्या टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा हमखास विरघळून डांबर झालेला असतो, तो आधी बदला. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कानकोरण्याच्या कापसाने पुसा. प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेली टेप सैल होते. टेप बाहेर आली तर पेन्सिल घालून हळू आत घ्या, यंत्राच्या जोरावर नको. मग टेपरेकॉर्डर त्याच्या लाइन-आउट सॉकेटमधून कॉम्प्युटरला जोडून ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, वेव्ह फाइल. स्पीकरसमोर फोन धरून रेकॉर्ड केलेलं रेकॉर्डिंग नको. कॅसेट संपल्यावरही दोन मिनिटं चालू राहू द्या. गाण्यांच्या मागे कधी कधी घरातलं बोलणं निघतं, कुकरची शिट्टी निघते.

फ्लोअरसाठी मात्र त्याच गाण्यांच्या स्वच्छ आवृत्त्या घ्या. कॅसेटची सरसर लहान खोलीत गोड वाटते, मोठ्या स्पीकरवर वाळूसारखी लागते.

बाबा म्हणतात नेहमी जायचो, आई म्हणते एकदाच. यात खरं कोण, हे ठरवायला जाऊ नका. त्या काळात मरीन ड्राइव्हवर 'स्टुडिओ २९' हा क्लब होता, तिथे सभासदत्व लागायचं. ताज हॉटेलात '१९००' नावाचा डिस्को होता. पुढच्या पिढीला जुहूचा रॅझबेरी ऱ्हायनोसेरॉस, मग लोअर परळच्या गिरणीतला फायर अँड आइस आठवतो, कुलाब्याचा पॉली एस्थर्स तर जुन्या डिस्कोचीच आठवण काढायला काढलेला. पण 'डिस्को' हा शब्द तेव्हा क्लबापुरता नव्हता. ऑफिसची पार्टी डिस्को, कॉलेजचं सोशल डिस्को, नवरात्रात बाबला-कांचनचा डिस्को दांडिया, विसर्जनाच्या बँजोवर तीच गाणी. बाबा हे सगळं धरून मोजत असतील, आई फक्त दारावर तिकीट लागलं ते मोजत असतील.

"कुठल्या क्लबात गेला होतात?" हा प्रश्न म्हणून निकामी. नाव आठवलं नाही की माणूस ओशाळतो आणि गप्प होतो. अंगाला लागलेलं विचारा. पायात काय होतं? पर्स कुणाकडे दिलीत? घरी काय सांगून निघालात? परतताना चर्चगेटला किती वाजले होते, लोकल मिळाली का? आत सिगारेटचा वास किती होता? आधी एक गाणं लावा, अर्धा मिनिट काही बोलू नका, मग विचारा. साधारण दहा ते तीस वयातल्या आठवणी माणसाला सगळ्यांत घट्ट राहतात आणि त्या काळची गाणी त्यांना थेट ओढून आणतात. दोघांना वेगवेगळं विचारा, मग एकत्र. आईंचं आधी, बाबांसमोर त्या हातचं राखून बोलतील. रेकॉर्ड करताना गाणं बंद करा. संगीत चालू असलं की फोन आपोआप आवाज खाली घेतो आणि बोलणं गिळतो. फोन घडी घातलेल्या रुमालावर, दोघांच्या मध्ये, हातभर अंतरावर.

राहिला नाइटक्लब. तिथे खरी अडचण आजी-आजोबांची नाही, नातीची आहे. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि इतर दारूला २५ वर्षं वय लागतं, त्यामुळे बऱ्याच दारांवर तिलाच अडवतील आणि ७२ वर्षांच्या बाबांना सलाम ठोकून आत सोडतील. शिवाय तिथला फ्लोअर भरतो रात्री अकरानंतर आणि आवाज १०० च्या वर. न्यायचंच असेल तर जुनी गाणी लावणारी रेट्रो रात्र बघा, शुक्रवार-शनिवार टाळून, उघडल्या उघडल्या आठ-साडेआठला. डीजेच्या बूथपासून लांबचं टेबल फोनवर मागून घ्या. बाबांचं मशीन संगीताच्या प्रोग्रॅमवर, दुसऱ्या कानात फोमचा प्लग, बाकी तिघांच्याही कानात प्लग. तासाभरात बाहेर पडायचं आणि टॅक्सी आधीच सांगून ठेवायची. लेक आत जाऊ शकत नसेल तर तुम्ही जा. तिला म्हणावं, तुझ्या वाट्याला हॉलमधली १२२ ची वीस मिनिटं आहेत, ती तू बांध.

आणि कार्यक्रमाच्या दिवशी आईंना नाचायला बोलवायचं काम बाबांवर सोडा, बाकी कुणीही त्यांचा हात ओढू नका. जेवणानंतरचं सावकाश गाणं त्यासाठीच ठेवलंय. कुठलं लावायचं ते डबीतल्या कागदावर बघा. एखाद्या गाण्यापुढे फुली किंवा तारा केलेला असेलच.